बेताचं पातं

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू पस्तीस वर्षं डोंगर फिरतोस, त्यावर बोल. पण किल्ल्यांचा इतिहास नको, तो सगळ्यांना पाठ आहे. काहीतरी उपयोगाचं सांग." मी म्हटलं, "सुरीवर बोलू?" पलीकडे फोनवर थोडा वेळ शांतता. मग विचारणा झाली, "भाजी चिरायची?" म्हटलं, "भाजी चिरायची, आणि बाकीचीही बरीच." तेव्हा आज मी सुरीवर बोलणार आहे. डोंगरात न्यायच्या, न मिटणाऱ्या, मध्यम मापाच्या सुरीवर. जेवणानंतरची वेळ आहे. कुणाचा डोळा लागला तर मी मनावर घेणार नाही. आपल्याला भूगोलाच्या तासाची सवय आहेच.

आपल्याकडे सुरीचं नाव काढलं की लोक जरा सावरून बसतात. पण शेतावर, रानात वावरणाऱ्या माणसाला पात्याशिवाय एक दिवस जात नाही. विळा, खुरपं, कोयता, अडकित्ता, विळी ही सगळी पातीच. कोकणात आणि घाटमाथ्यावर कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयता अडकवलेला माणूस अजून दिसतो. आपल्या भागात उसाची तोड सुरू झाली की टोळ्या येतात. त्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. जिथं हत्याराच्या नावानं माणूस मोजला जातो, तिथं हत्याराबद्दल दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

आधी माझी फजिती सांगतो.

१९९८ चा जुलै. हरिश्चंद्रगडाला निघालो होतो आणि पायथ्याला पाचनईत एका घरी मुक्काम होता. बाहेर तुफान पाऊस. घरातल्या मावशी चुलीपुढे बसून फुंकून फुंकून बेजार झालेल्या, लाकडं ओली. मी शहरातून आलेला, बँकेत नोकरी करणारा, खिशात नवाकोरा घडीचा चाकू. मला वाटलं, आता आपली वेळ आली. म्हटलं, "मावशी, थांबा, मी ढलप्या काढून देतो." ओलं लाकूड बाहेरून भिजलेलं असलं तरी आतून बहुतेक कोरडं असतं. ते फोडून आतल्या गाभ्याच्या पातळ ढलप्या काढल्या की पेटतं. एवढं मला माहीत होतं. पण माझ्या चाकूला उघडल्यावर पातं अडकवून ठेवणारा खटका नव्हता, नुसती स्प्रिंग होती. टोक लाकडात रुतलं, मी हिसका दिला, आणि पातं उलटं फिरून माझ्या बोटावर मिटलं.

हे उजव्या हाताचं पहिलं बोट बघा. अजून पूर्ण वळत नाही. मावशींनी हळद दाबली, धडप्यानं बांधलं, काही बोलल्या नाहीत. मग आढ्याला खोचलेला कोयता काढला आणि दोन मिनिटांत चुलीपुढे ढलप्यांचा ढीग केला. चहा झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मिटतंय ते पातं जोराच्या कामाला घेऊ नये."

माझ्या शिक्षणातला हा पहिला धडा. घडीचा चाकू वाईट नाही. पेन्सिल, दोरा, सफरचंद यांना तो उत्तम. पण ज्या कामात जोर लागतो, टोक फिरवावं लागतं, हात ओले नाहीतर गारठलेले असतात, तिथं सांधा नसलेली सुरी हवी. पातं आणि मूठ एकसंध. मिटायला काही नाही, म्हणून बोटावर मिटायचा प्रश्न नाही.

बोट बरं झाल्यावर मी सुरी शोधायला लागलो, आणि पुढची बारा-तेरा वर्षं चुकीच्या सुऱ्या घेत राहिलो.

पहिली घेतली ती 'रॅम्बो' छापाची. तो सिनेमा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी व्हिडिओवर पाहिलाय. मूठ पोकळ, आत काड्यापेटी आणि गळ, टोपणाला होकायंत्र. पाठीला करवतीसारखे दाते. दुसऱ्याच ट्रेकला एका वाळक्या फांदीवर घाव घातला आणि पातं मुठीपासून सुटून करवंदीच्या जाळीत गेलं. हातात मूठ राहिली, होकायंत्रासकट. कारण साधं आहे. मूठ पोकळ ठेवायची म्हणजे पात्याचं शेपूट आखूड करावं लागतं, आणि स्वस्त सुरीत सगळा ताण त्या एका सांध्यावर येतो. चांगल्या सुरीत पात्याचीच पट्टी मागे मुठीच्या टोकापर्यंत गेलेली असते आणि दोन बाजूंनी लाकूड बसवून रिव्हेट ठोकलेले असतात. विकत घेताना मुठीच्या कडेला बघा. लाकडाच्या दोन फाकांमध्ये लोखंडाची रेघ शेवटपर्यंत दिसली, तर निम्मी परीक्षा तिथंच पास.

मग मला वाटलं, आपण लहान घेतली म्हणून फसलो. म्हणून घेतली मोठी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन सैनिकांना 'का-बार' नावाची सुरी दिली गेली, सात इंच पात्याची. त्या घाटणीची एक नक्कल मला मिळाली, तिच्यापेक्षाही लांब आणि जाड. दिसायला जबरदस्त. कमरेला लावून फोटो काढला, तो घरी अजून आहे आणि माझी मुलगी तो पाहुण्यांना दाखवते. पण त्या सुरीनं कांदा चिरायला घेतला की कांदा फुटायचा, चिरला जायचा नाही. पातं जाड असलं की ते पाचरीसारखं वागतं. आणि लाकूड तोडायला ती कोयत्यापुढं काहीच नव्हती, कारण कोयत्याचं वजन पुढे असतं, हिचं मुठीकडे. म्हणजे कोयत्याचं काम येईना आणि सुरीचंही येईना. नऊ महिन्यांनी लक्षात आलं, मी ती फक्त वाहून नेतोय.

इथं कायद्याचंही सांगतो, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच. आपल्या शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं वेगळ्या वर्गात मोडतात. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण आपली सुरी त्या मापाच्या आत आहे म्हणून ती कमरेला लावून बाजारपेठेत फिरावं असं नाही. पोलिसांना एखाद्या भागात हत्यारं बाळगायला बंदी करण्याचे अधिकार असतात, आणि तसे आदेश अधूनमधून निघतात. रस्त्यानं जाताना सुरी म्यानात, म्यान फडक्यात, फडकं पाठपिशवीच्या तळाशी. विमानात हातातल्या सामानात कधीच नाही. डोंगरावर पोचल्यावर बाहेर काढायची. ज्याला ती दाखवावीशी वाटते, त्यानं ती घेऊ नये.

तिसरी सुरी मला एका सहकाऱ्यानं परदेशातून आणून दिली. स्वीडनमध्ये दालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे. तिथं काही शतकं सुऱ्या बनतात. त्यातली ही अगदी साधी, प्लॅस्टिकची मूठ, प्लॅस्टिकचं म्यान. पातं जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच, जाडी अडीच मिलिमीटर. मी मनात म्हटलं, ही काय खेळण्यातली? पण त्या सुरीनं मला आठ वर्षं साथ दिली. धारेला दोन्ही बाजूंनी एकच सपाट उतार, त्यामुळे दगडावर तो उतार टेकवला की कोन आपोआप बरोबर येतो. नवशिक्यालाही धार लावता येते. आजही कुणी मला "पहिली कोणती घेऊ?" विचारलं, तर मी हीच सांगतो. स्वस्त आहे, हरवली तर रडू येत नाही.

मग मी तिथंच का थांबलो नाही? दोन कारणं. एक म्हणजे जाड लाकूड फोडताना, म्हणजे पातं लाकडावर टेकवून पाठीवर दुसऱ्या ओंडक्यानं ठोकताना, ती मला नाजूक वाटायची. दुसरं कारण खरं कारण आहे, आणि ते सांगायलाच मी आज उभा राहिलोय.

२०११ साली मी आपल्या गावी आलो होतो. आईचं घर आवरायचं होतं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतून जाताना घणाचा आवाज आला. थांबलो. आत आपला एक वर्गमित्र होता.

त्याचं नाव मी घेणार नाही. मी काय बोलणार आहे ते त्याला आधी सांगितलंय, त्याची परवानगी घेतलीय. तो म्हणाला, "बोल, पण नाव घेऊ नको, लोक माना वळवून बघत बसतील." तेव्हा कृपया माना वळवू नका.

सत्तावीस वर्षांत मी त्याच्या दुकानात गेलो नव्हतो. गावात येत होतो, त्या गल्लीनं जात नव्हतो. त्या दिवशी गेलो. त्यानं ओळखलं, चहा मागवला. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा होता, ऐरण तीच. बोलता बोलता मी म्हटलं, "मला एक सुरी करून देशील? डोंगरात न्यायला." आणि शहाण्यासारखा खिशातून कागद काढून चित्रच काढून दिलं. सात इंच पातं, सहा मिलिमीटर जाड. आधीच्या चुकीतून मी काहीच शिकलो नव्हतो, हे त्या चित्रावरून दिसत होतं.

त्यानं चित्र पाहिलं आणि विचारलं, "काय कापायचंय तुला?"

मी म्हटलं, "सगळंच."

"सगळं म्हंजे काय? मागच्या वर्षी डोंगरात गेलास, तवा काय काय कापलंस ते लिही. खरं लिही."

कागद उलटा करून मी लिहायला बसलो. दोरी. कांदा, बटाटा, टोमॅटो. खिचडीच्या पुड्या. बुटाची लोंबणारी पट्टी. तंबूच्या खुंट्या, वाळक्या काठीच्या, टोकं काढून. चुलीसाठी ढलप्या. एकदा पायात गेलेला काटा. एकदा साथीदाराच्या गुडघ्याला बांधायला चादरीच्या पट्ट्या. बस्स. त्यानं यादी वाचली आणि म्हणाला, "यातलं कशाला सात इंच लागतंय? काट्याला?"

मग म्हणाला, "हात दे." माझा पंजा त्यानं पट्टीवर मोजला. मुठीत धरायला जेवढं लाकूड लागतं, तेवढंच पातं, फारतर बोटभर जास्त. त्याचं म्हणणं असं, की पातं मुठीपेक्षा फार लांब झालं की टोक आपल्या ताब्यात राहत नाही. फार आखूड झालं की पोळीएवढा टोमॅटोही एका झटक्यात चिरत नाही. जो मोठा घाव आहे तो कोयत्यानं घालायचा, तो रानातल्या प्रत्येक घरात असतो. सुरीनं कोयता व्हायला जाऊ नये.

हे मी नंतर ताडून पाहिलं. फिनलंडमध्ये 'पुक्को' नावाची रानात वापरायची पारंपरिक सुरी आहे, तिचंही पातं साधारण मुठीएवढंच असतं. आणि १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फात एक माणूस सापडला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याला 'ओट्झी' म्हणतात. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची एक कुऱ्हाड होती आणि गारगोटीच्या पात्याची एक छोटी सुरी, मुठीसकट जेमतेम तेरा सेंटिमीटरची. मोठ्या घावाला कुऱ्हाड, बारीक कामाला सुरी. आपल्या गावच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत मला जे सांगितलं गेलं, तेच.

आता सुरी कशी झाली ते थोडक्यात सांगतो, कारण चांगली सुरी ओळखायची तर ती कशी बनते ते माहीत हवं.

आपल्याकडचे लोहार कोयत्याला ट्रकच्या कमानीचा पाटा वापरतात. ते स्प्रिंगचं पोलाद, चिवट असतं. त्यानं माझ्यासाठीही तेच घेतलं. भट्टीत तापवून ठोकून पातळ केलं, आकार दिला. मग पाणी द्यायची वेळ. 'पाणी देणं' म्हणतात, पण या पोलादाला तो गरम तेल वापरतो, पाण्यात ते फार झटकन थंड होऊन तडकू शकतं. किती तापवायचं, तर लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत आणि त्याहून थोडं जास्त. लोखंडाचं चुंबकत्व साधारण ७७० अंशांना जातं. विज्ञानाच्या पुस्तकात होतं ते, आपण पाठ केलं होतं. तो ते रोज करतो.

तेलातून काढलेलं पातं काचेसारखं कडक आणि ठिसूळ असतं. म्हणून ते घासून चकचकीत करून पुन्हा हलकंसं तापवतात. तेव्हा त्याच्यावर रंग चढतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेकडे पिवळा आला की तिथं थांबायचं, पाठीकडे निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. म्हणजे धार कडक राहते आणि पाठ चिवट, ठोकलं तरी मोडत नाही. हे सगळं डोळ्यानं.

पहिलं पातं झालं आणि त्यानं ते मला दिलं नाही. भिंगाखाली बघून भंगारात टाकलं. केसाएवढी चीर होती. म्हणाला, "पाटा जुना. ट्रकनं किती खड्डे खाल्ले असतील, कुणाला ठावं. आतली चीर आधीचीच असती, पाणी दिलं की वर येती." दुसरं त्यानं नव्या पट्टीतून केलं. साडेचार इंच पातं, पाठीशी साडेतीन मिलिमीटर, धारेकडे उतरत गेलेलं. शिसवीची मूठ, पितळेचे रिव्हेट. टोक मध्यावर, पाठ सरळ, दाते नाहीत, नक्षी नाही.

तीच ही सुरी. दाखवायला आणली होती, पण सभागृहात नको म्हणून गाडीत ठेवलीय. शाळेत सुरी आणायची नसते, हे आपल्या वर्गाला तरी सांगायला नको.

ज्यांना आठवलं, त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसतंय.

१९८३ साल, आठवी. स्काउटचं हिवाळी शिबिर होतं आणि सामानाच्या यादीत चाकू होता. माझे वडील म्हणाले, "असले खर्च नकोत." मी त्याला म्हटलं, "तू मला एक करून दे." तो तेरा वर्षांचा होता. वडिलांकडून जुनी कानस मागून घेतली, त्यांनी ती भट्टीत मऊ करून दिली, आणि यानं पंधरा दिवस शाळा सुटल्यावर घासून घासून सुरी केली. माझ्यासाठी. वर्तमानपत्रात गुंडाळून दप्तरातून आणली. मधल्या सुट्टीत द्यायची होती. त्याआधीच्या तासाला कुणीतरी त्याच्या दप्तरातून पट्टी काढायला गेलं आणि कागद सुटला.

सरांनी विचारलं, "कशासाठी आणलीस? कुणासाठी?" तो काही बोलला नाही. एकदाच माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघत होतो. भूगोलाचं पुस्तक होतं, पान अजून आठवतं, नर्मदेच्या खोऱ्याचा नकाशा होता.

त्याला घरी पाठवलं, वडिलांना घेऊन यायला सांगितलं. सरांना मी दोष देत नाही. दप्तरात सुरी सापडली की कुठलेही शिक्षक तेच करतील. त्याचे वडील आले, हात जोडून उभे राहिले. पेरणीच्या अवजारांचा मोसम, दुकान बंद ठेवून आले होते. मी खिडकीतून पाहिलं. तेव्हाही गेलो नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. शिबिराला मी गेलो, चाकू न घेता.

२०११ च्या त्या दिवशी, यादी लिहून झाल्यावर, चामड्याचा पट्टा कापायला त्यानं फळीवरून एक जुनी सुरी उचलली. धार लावून लावून पातं निम्मं झालेलं. पाठीवर कानशीचे आडवे चरे अजून दिसत होते. मी ओळखली. शाळेनं ती त्याच्या वडिलांना परत दिली होती आणि इतकी वर्षं ती दुकानात वापरात होती.

मी तेव्हा त्याला म्हटलं ते तुम्हाला सांगत बसत नाही. अडखळतच म्हटलं. त्याचं उत्तर मात्र सांगतो. तो म्हणाला, "तुझ्यामुळं नाही सुटली माझी शाळा. बाच्या खांद्यानं दगा दिला होता, घण मारायला माणूस नव्हता. कधीतरी सुटणारच होती." मग पट्टा कापून झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण तू बोलला असतास तर बरं वाटलं असतं."

मित्रांनो, म्हणून आज बोलतोय. ती सुरी माझ्यासाठी होती. मी मागितली होती. सर इथं बसलेत, वर्गातले बहुतेक जण बसलेत. त्या दिवशी एका वाक्यात संपलं असतं ते, मला सांगायला एवढी वर्षं लागली.

आता जाता जाता उपयोगाच्या चार गोष्टी, म्हणजे संयोजकांना दिलेला शब्द राहील.

एक. सुरी घेण्याआधी यादी करा. वर्षभरात काय कापलं ते खरं लिहा. बहुतेकांची यादी माझ्यासारखीच निघेल, आणि तिला चार ते पाच इंचांचं, तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं पातं पुरून उरतं.

दोन. पोलाद कोणतं? न गंजणारं घ्यायचं तर बिनघोर. पावसाळी कोकणात, समुद्राकाठी तेच बरं. साधं कार्बनचं पोलाद घेतलं तर ते गंजतं, पण धार पटकन लागते. माझी साधी आहे. कांदा-लिंबानं पातं काळपट पडतं, ते पडू द्या, तांबडा गंज तेवढा चढू देऊ नका. काम झालं की पुसायची, कोरडी करायची, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. घरी आल्यावर चामड्याच्या म्यानात ठेवायची नाही. चामडं ओल धरून ठेवतं.

तीन. धार. साधा दोन बाजूंचा कुरुंदाचा दगड पुरतो. पातं दगडाशी साधारण वीस अंशांत, दोन्ही बाजूंनी सारखं. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की झालं. बोथट सुरी सुरक्षित असते हा गैरसमज आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी निसटते. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं. देताना मूठ समोरच्याकडे.

चार. हातात सुरी आली की झाड दिसेल तिथं चालवायची नाही. ओली फांदी पेटत नाही, आणि अभयारण्यात तर पडलेल्या लाकडालाही हात लावू नये. माझ्या यादीतली चूल हल्ली बहुतेक वेळा गावातल्या कुणाच्या तरी घरची असते, आणि ढलप्या काढताना मी आधी विचारतो, "मावशी, काढू का?"

आणखी एकच सांगायचंय. या मेळाव्याची यादी पहिल्यांदा झाली, ती दहावीच्या निकालाच्या कागदावरून. साहजिक होतं, तोच कागद हाताशी होता. पण पाचवीत आपल्या वर्गात जेवढी मुलं-मुली होती, त्यांतली बरीच त्या कागदावर नाहीत. कुणी घण मारायला गेलं, कुणी गुरांमागं, कुणाचं लग्न झालं. संयोजकांनी नंतर पाचवीचा हजेरीपट शोधून काढला, त्यावरून पुन्हा फोन केले, आणि आज सकाळी अकराजण असे आले की जे दहावीच्या फोटोत नाहीत. या स्मरणिकेत नावं छापाल तेव्हा ती त्या हजेरीपटाप्रमाणे छापा, एवढी माझी विनंती आहे. त्याचं नावही त्यात येईल, बाकीच्यांसारखंच, अकारविल्हे. तेवढं चालेल, असं तो म्हणालाय.

आणि हो, भाषण ऐकून कुणाला सुरी करून घ्यावीशी वाटली, तर त्याचा निरोप आहे. सध्या विळ्या-कोयत्यांचा मोसम आहे, संक्रांतीनंतर या. आणि येताना चित्र काढून आणू नका. यादी आणा.